मनोऱ्याचं चौथं तोंड

मनोऱ्याला मिठी मारून उभा असलेला माणूस चिगुसाच्या नजरेला पडला, तेव्हा तिला वाटलं, मेला सकाळी सकाळी ढोसून आलेला दिसतोय.

सहा वाजत आले होते. ऑक्टोबर अर्धा सरला होता. कामेनोईच्या बागेत मोकुसेईची केशरी फुलं इतकी गळली होती की हातगाडीचं चाक त्यांच्यावरून जाताना आवाजसुद्धा करत नव्हतं. गाडीवर सार्वजनिक न्हाणीघरवाल्या मुनेओच्या दोन गाद्या होत्या, आदल्या दिवशीच कापूस पिंजून नव्याने भरलेल्या, टम्म फुगलेल्या. त्या पोचवायच्या आणि घरी जाऊन भात लावायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण हा माणूस... गाल काँक्रीटला चिकटवलेला, डोळे मिटलेले, आणि बोटाच्या पेराने टकटक चाललेली. मनोऱ्याच्या एका अंगाला वाजवलं — टण. दुसऱ्या अंगाला — टण. तिसऱ्या — टण. चौथ्या अंगाला गेला, वाजवलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

थप.

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा थप.

"अहो!" चिगुसा म्हणाली.

आता चिगुसाचं 'अहो' म्हणजे काय, ते कामेनोईत कोणालाही विचारा. पिंजणयंत्राशेजारी वाढलेली पोर ती. बाप केइझो चाळीस वर्षं त्या यंत्रापाशी उभा राहून कानाने पार अधू झालेला. त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून दोन शब्द बोलायचे, तेही ओरडूनच. त्या एका 'अहो'ने बागेतल्या झाडून साऱ्या चिमण्या उडाल्या, आणि मनोऱ्याला चिकटलेला माणूस कान धरून मागे सरला.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"वाटत होतं," तो म्हणाला. "आत्ता या घटकेपर्यंत."

"मग दगडाला मिठ्या काय मारताय?"

"दगड नाही, काँक्रीट आहे. आणि मिठी नाही... विचारपूस चाललीय."

"अस्सं! मग काय म्हणतोय तो?"

"इकडे या. तुम्हीच ऐका."

शहाण्या बाईने गाडी पुढे ढकलली असती. पण चिगुसाला लहानपणापासून 'का' आवरत नसे. शाळेत मास्तरांना ती एवढे 'का' विचारायची, की त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं होतं, म्हणजे थोडे तरी 'का' बाहेर जातील. तिने गाडी झाडाला टेकवली, डोक्याचं फडकं मागे सारलं आणि मनोऱ्याला कान लावला. कानाला गार लागलं. तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर त्या परक्या माणसाचं नाक होतं. सरळ होतं, टोकाशी थोडं लाल.

त्याने वाजवलं. आतून टणणण... करत काहीतरी वरवर चढत गेलं, रिकाम्या पाण्याच्या टाकीसारखं.

"आता इकडे."

चौथ्या अंगाला. थप. गादीवर उशी टाकावी तसं.

"आं?" चिगुसा म्हणाली. "हे असं का?"

"तेच तर!" त्याचा चेहरा असा खुलला की जणू तिने त्याला बक्षीस दिलं होतं. "चार दिवस झाले, तेच विचारतोय मी त्याला. चारी बाजू सारख्या. बांधकाम एक. जाळी एक. मग तीन तोंडं बोलतात आणि चौथं गिळतं — का?"

मनोरा म्हणायचा तर दोन पुरुष उंच, देवळातल्या दगडी दिव्याच्या घाटाचा. नव्वद वर्षांमागे बांधलेला. आत रेडिओ होता, चार बाजूंना चार तोंडं, तोंडांवर लोखंडी जाळ्या. घराघरात रेडिओ आले आणि हा मुका झाला. आता रोज साडेसहाला आळीतली म्हातारी मंडळी तिथे कवायतीला जमायची आणि त्याच्याच पायरीवर तळहाताएवढा रेडिओ ठेवून हातपाय हलवायची. म्हाताऱ्या हत्तीच्या पाठीवर पोपट बसवावा, तसा तो दिसायचा.

"तुम्ही आहात कोण पण?"

"सेगावा. इओरी सेगावा. मी आवाजांचं काम करतो."

"आवाजांचं काम," चिगुसा म्हणाली. "आणि जेवता कुठे?"

तो हसला. मग त्याची नजर तिच्या डोक्याकडे गेली, आणि हात अर्धा उचलून तो तिथेच थांबला. "माफ करा, पण... तुमच्या केसात ढग आहे."

त्याने दोन बोटांनी कापसाचा एक पुंजका उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. चिगुसाच्या केसांत जन्मापासून कापूस होता. आजवर लोकांनी त्याला कोंडा म्हटलं होतं, बर्फ म्हटलं होतं, मुनेओ तर 'म्हातारी झालीस गं' म्हणायचा. ढग कोणी म्हटलं नव्हतं.

गाद्या त्या दिवशी उशिरा पोचल्या.

*

डिसेंबरात बागेची डागडुजी निघणार होती आणि त्यात मनोरा पाडायचं ठरलं होतं. वॉर्डाचं म्हणणं एकच — आळीने लेखी जबाबदारी घेतली तर राहील, नाहीतर जाईल. इओरीला नोव्हेंबर अखेरपर्यंतची मुदत मिळाली होती. तोवर त्याने मनोऱ्याला पुन्हा बोलतं करून दाखवायचं. जमलं नाही तर पेटी उचलायची आणि पुढच्या गावी, पुढच्या कोणत्या तरी मुक्या वस्तूपाशी.

तो आळीभर आवाज गोळा करत हिंडू लागला. काठीच्या टोकाला केसाळ गोंडा लावलेला माइक घेऊन तो मुनेओच्या न्हाणीघरात लाकडी घमेल्यांपाशी बसे, बटाट्याचे कोरोक्के तळणाऱ्या कोरोक्केवालीच्या कढईपाशी उभा राही. आणि दर दोन दिवसांनी, काही ना काही निमित्त काढून, नाएमुरांच्या गादीच्या दुकानात.

"ते मांजर बाहेर ठेव!" पहिल्या दिवशी केइझो ओरडला.

"बाबा, मांजर नाही ते! माइक आहे!"

"काय आहे?"

"माइक!"

"मग त्याला केस कशाला?"

याचं उत्तर चिगुसालाही हवं होतं. वाऱ्याचा आवाज अडावा म्हणून, असं इओरीने सांगितलं. "म्हणजे आवाज ऐकायला आधी आवाज अडवायचा?" तिने विचारलं. "चार वर्षं शिकलो मी हे," तो म्हणाला, "आणि तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत."

"मग आमच्याकडे शिकायचं होतं. चार वर्षांत गादी तरी भरता आली असती."

"शिकवाल?"

"हात बघू आधी." तिने त्याचा हात उलटा करून पाहिला. मऊ. सुईचा एक टोचा नाही. "नाही जमायचं," ती म्हणाली. पण हात सोडायचं मात्र तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि इओरीनेही आठवण करून दिली नाही. यंत्र धडधडत होतं, हवेत कापूस तरंगत होता, आणि कोपऱ्यात केइझो पाठमोरा बसून गादीची कड शिवत होता. बहिऱ्यांना पाठीला डोळे असतात, हे त्या दोघांना कोण सांगणार!

*

कामेनोईत बातमी सांगायची ती फिरत्या वहीतून. एका फळीला कागद अडकवलेले असतात. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते, प्रत्येकाने वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा, आणि शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. एकेचाळीस घरं, एकेचाळीस शिक्के. वाचत बसलं तर पुढच्या घराला उशीर होतो, आणि पुढच्या घराला उशीर करणं हे कामेनोईत चोरीहून वाईट. म्हणून कोणी वाचत नाही. सगळे शिक्का मारतात आणि धावतात.

त्या मंगळवारी वहीत कचऱ्याचा बदललेला वार होता, फ्लूच्या सुया होत्या, हरवलेली मांजर होती, आणि चौथ्या कागदावर — येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मनोऱ्याची आवाज-चाचणी, संमती असल्यास शिक्का मारावा. चिगुसाने 'नाएमुरा'चा शिक्का मारला आणि वही मुनेओच्या पायरीवर ठेवून आली. तिला वाचायची गरजच नव्हती. इओरीने तिला आधीच सांगितलं होतं, "रविवारी याल ना? पहिला आवाज तुम्ही ऐकायलाच हवा."

बापाला तिने सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे ती रविवारी कोणासाठी केस विंचरतेय, हे अख्ख्या आळीला कळायचं.

रविवार उजाडला. साडेसहा झाले. इओरीने तिच्याकडे पाहून मान हलवली आणि कळ दाबली.

त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणायचं का भूकंप, यावर अजून वाद आहे. मनोऱ्याच्या तीन तोंडांतून एकदम नाएमुरांचं पिंजणयंत्र धडधडू लागलं. खऱ्याच्या दसपट. रिकाम्या पोटात घुमून, काँक्रीटवर आपटून, चारी बाजूंच्या घरांवर कोसळलं. खिडक्या थरथरल्या. कोरोक्केवाली केसांत गुंडाळ्या घेऊन बाहेर आली. मुनेओ एका गालावर साबण घेऊन आला. कवायतीला जमलेली मंडळी कमरेवर हात ठेवून जिथल्या तिथे थिजली.

आणि गल्लीच्या तोंडातून केइझो आला. अनवाणी. अंगात गंजी, पोटाला लोकरीचा पट्टा, खाली नुसती लांब चड्डी. सहासष्ट वर्षांचा माणूस असा पळत होता की वाटेतली सायकल त्याने आडवी केली.

इओरीने कळ बंद केली. बागेत एकही चिमणी उरली नव्हती.

केइझोने चिगुसाला पाहिलं. तिचे दोन्ही हात मनगटापासून धरले, उलटेसुलटे केले, बोटं मोजली.

"यंत्र..." त्याला दम लागला होता. "मला वाटलं, यंत्रात तुझा हात गेला."

या जगात केइझोला धड ऐकू येणारा तो एकच आवाज होता.

मग सगळ्यांना कंठ फुटला. कोणी विचारलं? कोणी परवानगी दिली? तेव्हा हिसाएआजी पुढे झाली. आळीची प्रमुख, वय अठ्ठ्याऐंशी, पाठ वाकलेली आणि जीभ सरळ. तिने वहीची फळी सगळ्यांसमोर धरली.

"हे एकेचाळीस शिक्के कोणाचे? माझाही आहे यात. न वाचता मारलाय. तुम्हीही तसाच मारलाय, तोंड वर करून बोलू नका." मग इओरीकडे वळली. "आणि तू रे. या मनोऱ्यापाशी बापाच्या खांद्यावर बसून मी कुस्त्या ऐकल्यात. पैलवान दिसायचे नाहीत, पण आम्हाला त्यांची मान दिसायची, घाम दिसायचा. आणि तू काय ऐकवलंस? चक्की!"

"चुकलं माझं," इओरीने कमरेतून वाकून म्हटलं.

"चुकलंच. पुढच्या रविवारी पुन्हा एकदा. मग वही फिरवीन, आणि या खेपेला एकेकाकडून मोठ्याने वाचून घेईन. एक शिक्का कमी पडला तरी मनोरा गेला."

"नाएमुराचा शिक्का मिळणार नाही," केइझो म्हणाला, आणि अनवाणी घरी निघाला.

*

दोन दिवस चिगुसा बागेकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. भांडायला चाललेय, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

इओरी पायरीवर बसला होता. गुडघ्यावर डबा, डब्यातला भात तसाच.

"सगळ्या आळीतून तुम्हाला आमचंच यंत्र सापडलं?"

"हो."

"का?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. "यंत्र ऐकवायचं नव्हतं मला. त्याच्या... नंतरचं ऐकवायचं होतं. सतरा सेकंदांनी ते थांबतं. मग तुम्ही हसता."

"मी?"

"त्या दिवशी तुमचे वडील मांजराला पुन्हा हाकलत होते. यंत्र थांबलं आणि त्या शांततेत तुमचं हसू आलं. नुसतं हसू लावून पाहिलं — बरोबर वाटेना. आधी ती धडधड हवी. त्याशिवाय ते तसं ऐकू येत नाही." तो डब्याकडेच बघत बोलत होता. "सतरा सेकंद लोक थांबतील असं वाटलं होतं."

चिगुसाला भांडण आठवेना. तिने खूप शोधलं. शेवटी तिने वेगळंच विचारलं. "चौथं तोंड उघडून पाहिलंत का?"

"काय उपयोग आता?"

"उपयोग म्हणून नाही. मला झोप नाही येत त्या 'थप'मुळे."

त्याने मान वर केली. बऱ्याच वेळाने हसला.

मुनेओची शिडी आली. जाळीचे खिळे गंजून घट्ट बसलेले, पहिला निघायलाच अर्धा तास गेला. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. खाली चिगुसा शिडी धरून उभी, वर इओरी, आणि गंजाचा चुरा तिच्या कपाळावर पडत होता. जाळी निघाली. इओरीने आत हात घातला आणि तसाच राहिला.

"काय आहे? अहो, काय आहे?"

"वर या," तो म्हणाला. "हळू."

शिडी एक, माणसं दोन. ती त्याच्या खालच्या पायरीवर चढली, त्याने एक हात तिच्यामागून नेऊन शिडी धरली. चिगुसाने आत पाहिलं.

कापूस. तोंडभर कापूस. चिमण्यांची घरटी — एकावर एक, जुन्यावर नवं, किती वर्षांची कोण जाणे. काटक्या थोड्याच, बाकी सगळा पिंजलेला कापूस, खालचा पिवळा पडलेला, वरचा पांढरा. चौथं तोंड नाएमुरांच्या मागच्या खिडकीकडे होतं. चिमण्यांना पंख मारायचेही श्रम नव्हते.

"तुम्ही भरलंय हे," इओरी तिच्या कानाशी म्हणाला. "इतकी वर्षं. न कळता."

चिगुसाचा हात मधल्या थरात गेला होता. बोटांत दोरे आले. निळे. गादीच्या कोपऱ्याला गोंडा बांधतात तो दोरा. दुकानात तो पांढरा वापरतात, आज नऊ वर्षं. निळा फक्त आई वापरायची.

ती खाली उतरली आणि एक घरटं ओंजळीत घेऊन पावसातून सरळ घरी गेली.

केइझोने चष्मा लावला. निळ्या दोऱ्याचं टोक धरून ओढलं. दोरा संपेचना. त्याने दोरा सोडला, घरटं दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं.

"मी म्हणायचो, झाडून टाक तो कचरा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलत होता आणि चिगुसाला पुढे वाकावं लागलं. "ती ऐकायची नाही. रोज संध्याकाळी खिडकीत ठेवायची. म्हणायची, असू दे, नेणारे नेतात." त्याने चष्मा काढून गंजीला पुसला, बराच वेळ पुसला. "कुठे नेतात, ते तिला कधी कळलं नाही."

बाहेर पाऊस. दारात इओरी भिजत उभा होता, आत यावं की न यावं अशा पेचात.

"तू!" केइझो ओरडला. आवाज पुन्हा जागेवर आला होता. "बाकीच्या तीन तोंडांची रुंदी किती?"

*

आवाज मऊ व्हावा म्हणून दोन दिवस बाप-लेक मनोऱ्यासाठी गाद्या शिवत होते. तीन तोंडांना तीन, आतल्या भिंतीला एक लांब. टाके केइझोचे, कापूस नवा, गोंडे निळे — तो दोरा चिगुसाने मुद्दाम आणला. चौथ्या तोंडाला कोणी हात लावायचा नाही, असा केइझोचा हुकूम होता. घरटं त्याने स्वतः शिडीवर चढून जागच्या जागी ठेवलं. इओरीच्या बोटाला सुईचे सात टोचे बसले. चिगुसाने मोजले.

शनिवारी सकाळी त्यांनी आवाज लावून पाहिला, आणि इओरी मटकन खाली बसला.

"काहीच ऐकू येत नाही. दहा पावलांवर गेलं की संपलं. वाढवला तर पुन्हा खिडक्या हलतील."

चिगुसा मनोऱ्याला कान लावून उभी होती. "मला येतंय."

"तुम्ही चिकटून उभ्या आहात!"

"मग त्यांनीही चिकटावं." ती वळली. "हे बघा, आमच्या घरात आम्ही सगळे ओरडतो. माडीवरून, मागच्या दारातून, जिथं असू तिथून. काम होतं. म्हणून कोणी कोणाजवळ जात नाही. वर्षानुवर्षं नाही. परवा बाबा हळू बोलले, तेव्हा मी त्यांच्या तोंडाशी कान नेला... त्यांच्या अंगाला साबणाचा वास येतो, मी विसरलेच होते." तिने नाक ओढलं. "नका वाढवू आवाज. येतील."

"आणि नाही आले तर?"

तर मनोरा जाणार, आणि मागोमाग हाही. ते दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी एकेचाळीस घरांतून माणसं आली. काही तर कानात बोळे घालूनच आली. मनोऱ्यापासून लांब, हाताची घडी घालून उभी राहिली. इओरीने कळ दाबली.

काही नाही.

"बंद पडलं वाटतं," मुनेओ म्हणाला.

"शू!" कोरोक्केवालीने कानातला बोळा काढला. "काहीतरी आहे."

ती दोन पावलं पुढे झाली. मग आणखी चार. तिच्या तोंडाचा आ झाला. "अगं बाई... माझी कढई!"

ती कशाला थापा मारेल म्हणून मुनेओ पुढे झाला. त्याला लाकडी घमेली ऐकू आली, आपल्या न्हाणीघरातली, फरशीवर टेकताना जो गोल, ओला आवाज होतो तो. बघता बघता कडं आवळत गेलं. कुंपणाच्या भिंतीवरून दोन वर्षं अबोला धरलेले शेजारी खांद्याला खांदा लावून एकाच जाळीला कान देऊन उभे राहिले, जागाच नव्हती तर करतात काय! हिसाएआजीला दोघांनी धरून पायरीवर चढवलं. तिने डोळे मिटून घेतले. "असंच," ती म्हणाली. "असेच उभे असायचो आम्ही. कोणाच्या तोंडाला मुळ्याच्या लोणच्याचा वास, कोणाच्या तंबाखूचा."

मग यंत्र सुरू झालं. लांबून, गादीतून यावं तसं. केइझो काँक्रीटवर तळहात ठेवून उभा होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण हाताला ठोका कळत होता. सतरा सेकंद सगळे थांबले. यंत्र थांबलं, आणि मनोऱ्याच्या पोटातून चिगुसा हसली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती कानापर्यंत लाल झाली होती.

वही निघाली. हिसाएआजीने एकेकाला पुढे घेऊन मोठ्याने वाचायला लावलं, आणि शिक्के पडत गेले. केइझोची पाळी आली तशी त्याने शिक्का सरळ टेकवला.

"वाच आधी!"

"माहीत आहे काय लिहिलंय."

"केइझो!"

त्याने वाचलं, बाग हादरेल एवढ्या मोठ्याने. मग शिक्का मारला. एकेचाळीस.

गर्दी अजून हलली नव्हती. मनोऱ्यात आता नुसता टिपून ठेवलेला पाऊस वाजत होता आणि सगळे तो ऐकत होते. चौथ्या तोंडापाशी चिगुसा उभी होती. इओरी गर्दीतून अंग चोरत तिच्याजवळ आला. इतका जवळ की त्याच्या बाहीचा कापूस तिच्या बाहीला लागला.

"महिनाअखेरीला मी जाणार होतो," तो कुजबुजला.

तिने मान हलवली. समोर बघत राहिली.

"पण... गाद्यांना ऊन लागतं. वर्षाला कापूस बदलावा लागतो. जाळ्या... चिमण्या... कोणीतरी इथं असायला हवं. म्हणजे मनोऱ्यासाठी." तो थांबला. "नाही. मनोऱ्यासाठी नाही. चिगुसा... मी राहू?"

तिला जन्मात कोणी असं काही कुजबुजून विचारलं नव्हतं. तिलाही तसंच, त्याच्याच कानात, हळू उत्तर द्यायचं होतं. तिने श्वास घेतला, ओठ त्याच्या कानाजवळ नेले —

"राहा!"

चिमण्या उडाल्या. बागेच्या पलीकडे कुत्रं भुंकलं. मनोऱ्याभोवतीची सगळी माणसं वळून बघू लागली, आणि दुसऱ्या बाजूने केइझोचं डोकं पुढे आलं.

"कोण राहतंय?"

"हा!" चिगुसा ओरडली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

केइझोने इओरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याच्या टोचलेल्या बोटांपाशी थांबला.

"मग भात जास्त लाव," तो म्हणाला.

मुनेओने वहीकडे हात केला. "आजी, हेही लिहून घ्यायचं का?"

"याला शिक्के कशाला?" हिसाएआजीने फळी काखेत मारली. "एकेचाळीस घरांनी ऐकलंय. आणि न ऐकता राहिलंय कोण! चला, हात वर. कवायतीला उशीर होतोय."

पायरीवरचा छोटा रेडिओ लागला. सगळ्यांनी हात वर केले. इओरीने डावा करायच्या जागी उजवा केला, वाकायच्या वेळी उडी मारली. चिगुसा त्याच्याकडे झुकली, हात लांबवून त्याच्या कानामागून काहीतरी उचललं, आणि ओठ हलले न हलले असं म्हणाली —

"तुझ्या केसात ढग आहे."

शेजारी उभा असलेला मुनेओ आजही शपथेवर सांगेल, की तेव्हा ती काहीच बोलली नव्हती.